डिस्क निजेपर्यंत

“टक् झालं. ऐकलात ना मॅडम?”

सिद्धाराम टेबलाखाली उकिडवा बसला होता. आगगाडी येते का हे बघायला रुळाला कान लावतात, तसा त्याने संगणकाच्या कॅबिनेटला कान लावला होता.

“मला नाही ऐकू आलं,” मी म्हटलं.

“परत ऐका. डी उघडा बघू.”

मी माउसने डी उघडली. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथेच थांबलं. सिद्धारामने श्वास रोखला, मीही रोखला. मला तो सोडावा लागला तरी घड्याळ काही हललं नाही. मग एकदम पुस्तकांची सगळी नावं पडद्यावर उमटली.

“उघडली की,” मी म्हटलं.

“उघडली, पण कण्हत उघडली. म्हातारं माणूस खाटेवरून उठतंय तशी.” बोलून गेल्यावर तो ओशाळला. “तुम्हाला नाही म्हणलो मी.”

“मी उठते तेव्हा टक् दोनदा होतं,” मी म्हटलं.

तो हसला नाही. बाहेर येऊन त्याने हात झटकले. “हार्ड डिस्क जाऊलालीय मॅडम. डी पण आणि ई पण.”

“दोन्ही एकदम?”

“एकाच दिवशी घेतलेल्या ना. जुळ्या आहेत. एकीचे दिवस भरले की दुसरीचे भरतातच.”

मी पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. जुळी माणसं एका दिवशी मरत नाहीत, हे मला माहीत होतं. पण संगणकाचं मला काही माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसले.

“शनिवारी येतो, दोन्ही दुकानात नेतो,” सिद्धाराम म्हणाला. “निघेल तेवढं काढतो. सगळं निघेल असं नाही सांगत. तोवर फार चालू-बंद करू नका. आतली सुई घसरली, तर काहीच हाती लागायचं नाही.”

तो गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं ध्वनिपुस्तक केंद्र होतं. एक खोली, एक टेबल, एक माइक आणि हा संगणक. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही काही बायका पुस्तकं मोठ्याने वाचायचो. ती संगणकात भरली जायची आणि मागणी येईल तशी सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून दिली जायची. संगणकात तीन डिस्क होत्या. पहिली नवी होती, तिच्यावर रोजचं काम चालायचं. डी आणि ई म्हणजे आमची कपाटं. वाचून झालेलं सगळं तिथे जायचं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. एवढी अक्कल आणि एवढ्या रिकाम्या डिस्क, दोन्ही तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

आणि त्या कपाटांत निम्म्याहून जास्त आवाज एकट्या येमूलबाईंचा होता.

नलिनी येमूल. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. घरात तेलुगू बोलायच्या, पण त्यांचं मराठी वाचन असं की जोडाक्षर न् जोडाक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. दुपारी दोन वाजता, बाकी कुणी नसताना त्या यायच्या. खोलीचं दार लावायच्या, खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायच्या. सोलापूरच्या दुपारी पंखा बंद म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. भिंतीवरचं घड्याळ उतरवून जुन्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवायच्या, कारण त्याची टिकटिक माइकमध्ये यायची. मग संगणकासमोर बसून एक हात कॅबिनेटवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. तीन-चार मिनिटं तशाच. मी एकदा दाराच्या काचेतून पाहिलं होतं. मला वाटलं, वाचनाआधीचा नमस्कार असेल. त्यांच्या शिस्तीला ते शोभतही होतं, म्हणून कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी वाचतावाचता त्यांचा आवाज बसला. तशाच उठून घरी गेल्या. तपासणीत गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, पण आवाजाच्या नसेला धक्का लागला. आता बाईंचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज. कागदावरून कागद सरकावा एवढीच. परत येईल का, याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

म्हणजे शनिवारी सिद्धाराम ज्या दोन डिस्क नेणार होता, त्यांत एका माणसाचा सगळा आवाज होता आणि तो पुन्हा भरता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यास्मिन आली. यास्मिन बागवान, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. जिन्याच्या कितव्या पायरीला खड्डा आहे ते ती आम्हाला सांगायची.

“काकू, माझं पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक कुठवर आलंय?” बसायच्या आधीच तिने विचारलं. “फेब्रुवारीपासून माझा साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे. उलटतपासणीच्या मध्येच बाई उठून गेल्या. त्याला खाली उतरवा आता, जूनमध्ये परीक्षा आहे.”

“उतरवते. उरलेलं मीच वाचणार आहे. पण आधी हा संगणक बघ काय करतोय.” मी तिला सिद्धारामचं निदान सांगितलं.

“दोन्ही एकदम?” तीही म्हणाली. मला जरा बरं वाटलं.

मी तिच्यासमोर डी उघडली. वाळूचं घड्याळ, लांबलचक शांतता, मग नावं. तिच्या मागच्या सीडीवर ओरखडे पडले होते म्हणून पहिल्या दहा प्रकरणांची पुन्हा प्रत हवी होती. ती मी उतरवायला घेतली, तर भराभर उतरली. डी बंद करून पुन्हा उघडली. लगेच उघडली.

“आता कशी उघडली?” यास्मिनने विचारलं.

“तेच कळत नाही. एकदा उघडली की शहाण्यासारखी वागते.”

आम्ही खालून चहा मागवला. तिने कॉलेजातल्या एका प्राध्यापकाची नक्कल केली, मी हसले. चहा संपल्यावर सहज डी उघडली, तर पुन्हा वाळूचं घड्याळ.

वर्गात बेडकाचं हृदय दाखवताना मी मुलांना सांगायचे, कारण नंतर शोधा, आधी कधी होतं आणि कधी होत नाही ते बघा. मी यास्मिनला म्हटलं, “थांब जरा. आपण हिला चहा पाजू या.”

“कुणाला?”

“डिस्कला. आपण काही न करता नुसतं बसू. किती वेळाने ती आळसावते ते बघू.”

एक मिनिट बसून डी उघडली. लगेच उघडली. दोन मिनिटं बसून उघडली, तरी लगेच. मग तसंच चार मिनिटं बसलो. डी उघडेना. एकदा सोडून तीनदा तसंच झालं. माझ्या मनात त्या वेळी शनिवार नव्हता, खरं सांगायचं तर. वर्गात एखादं पोरगं भलताच प्रश्न विचारतं आणि आपण खडू हातात धरून उभे राहतो, तसा आनंद होता.

“काकू, या वेळी बोलू नका,” यास्मिन म्हणाली. ती खाली बसली आणि सिद्धारामसारखाच तिने कॅबिनेटला कान लावला. चार मिनिटं गेली. मग ती म्हणाली, “आता थांबलं.”

“काय थांबलं?”

“काहीतरी फिरत होतं ते. उघडा आता.”

मी डी उघडली.

“टक्. आता फिरायला लागलं. हळू... जोरात... आता पुरतं फिरतंय. अजून एक टक्, दुसरं फिरायला लागलं. आता झालं.”

त्याच क्षणी पडद्यावर नावं आली.

“काकू, त्या आजारी नाहीत,” यास्मिन गुडघे झटकत म्हणाली. “त्या झोपतात. एक उठते, मग दुसरी उठते, तोवर आपण दारात उभे.”

मी सिद्धारामला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी आलो की सारखा क्लिक करत राहतो. मला झोपलेली सापडणार कशी?” आणि त्याने फोनवरच मला कुठे जायचं ते सांगितलं. वीज वाचवण्याच्या सोयी असतात, त्यात एक ओळ होती. काम नसेल तर किती वेळाने डिस्क बंद करायच्या. तिथे तीन मिनिटं लिहिलं होतं.

“तीन?” सिद्धाराम म्हणाला. “त्याच्यापेक्षा कमी तर करताच येत नाही. मी तिथे ‘कधीच नाही’ ठेवलं होतं. कुणी केलं हे?”

“कुणी नाही. इथे माउस धरायला सांगितलं तर बायका आधी हात पुसतात.”

“मग भुताने केलं असेल. ‘कधीच नाही’ करा. आणि शनिवारी मी नवीन डिस्क घेऊन येतो, सगळ्याची एक प्रत काढून ठेवू. डोक्याला ताप नको.”

शनिवारी सगळी प्रत निघाली. एकही पुस्तक गेलं नाही. सिद्धारामने त्या दोन जुळ्यांवर हात फिरवला आणि म्हणाला, “जगा आता.” डी क्लिक करताक्षणी उघडत होती. मी दोन-चारदा उगाचच उघडून बघितली.

सोमवारी दुपारी मी यास्मिनचा साक्षीदार उतरवायला बसले. पंखा बंद केला, घड्याळ कपाटात ठेवलं, गळ्याभोवती ओला पंचा घेतला आणि उलटतपासणीचं राहिलेलं प्रकरण वाचलं. उन्हाळ्यात पंख्याशिवाय वाचायला कुणी धजावत नव्हतं, त्यामुळे फेब्रुवारीनंतर त्या खोलीतलं ते पहिलंच वाचन. बाहेर आले तेव्हा पातळ अंगाला चिकटलं होतं, पण खूश होते.

दुसऱ्या दिवशी यास्मिनचा फोन आला.

“काकू, वाचलंत चांगलं. पण तुमच्या मागे बसून जातं कोण ओढत होतं?”

“जातं?”

“घरघर, घरघर. मध्येच वाढते, मध्येच कमी होते. बाईंचं शेवटचं वाक्य संपतं तिथे एकदम शांत, विहिरीत वाकून बघावं तसं. आणि तुमचं पहिलं वाक्य सुरू झालं की जातं सुरू.”

“पंखा बंद होता. घड्याळही.”

“मग तुम्ही बघा. तुम्हाला हल्ली शोध लावायची सवय झालीय.”

मी कानाला लावायचा हेडफोन घेऊन बसले. ती म्हणाली ते खरं होतं. बारीक, पण एकदा ऐकली की ती घरघर कानातून जाईना. मग इतरांची जुनी पुस्तकं काढून ऐकली. सगळ्यांत घरघर. येमूलबाईंची काढली. एक, दोन, पाच, सात. एकातही नाही. तीच खोली, तोच माइक, तेच टेबल.

संध्याकाळी मी रिक्षा करून पूर्वभागात येमूलबाईंच्या घरी गेले. त्यांच्या गल्लीत घराघरात यंत्रमाग. दिवसभर खडखडाट, खालची फरशीसुद्धा थरथरते. बाईंनी ताक दिलं आणि माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. त्यांचं बोलणं ऐकायला मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता. बाहेर माग आणि आत कुजबुज.

मी त्यांना यास्मिनचं जातं सांगितलं. त्यांचे खांदे हलले. हसत होत्या.

“कुर्डुवाडीचे एक गृहस्थ,” त्या कुजबुजल्या. “पुष्कळ वर्षांपूर्वी. त्यांनी कळवलं, बाई, तुमच्या मागे बसून कुणीतरी दळतंय, त्यांना दुपारची जरा विश्रांती द्या. मला इतकी लाज वाटली. इथे बघता ना, आमच्या गल्लीत. शांतता म्हणजे काय ते मला केंद्राच्या खोलीत आल्यावर कळलं. आणि तिथेही मी माग घेऊन गेले म्हणायचं.”

“मग?”

“मग शोधत बसले. पंखा नाही, घड्याळ नाही. एक दिवस कॅबिनेटवर हात टेकला, तर हाताला थरथर लागली. मागाची लागते तशी. जावयाला फोन केला हैदराबादला. तो म्हणाला, तुम्ही वाचता तेव्हा पहिलीच डिस्क लागते. बाकीच्या दोघी उगाच फिरतात, आणि एकीच्या आवाजात दुसरीचा मिसळून घरघर होते. वाचायच्या वेळी त्यांना झोपवा. कसं झोपवायचं ते त्याने सांगितलं.”

मी ताकाचा पेला खाली ठेवला.

“तुम्ही रोज झोपवत होतात?”

“रोज. पंखा बंद, घड्याळ कपाटात, मग या दोघी. तीन मिनिटं लागतात त्यांना. हात ठेवून बसायचं. थरथर थांबली की वाचायला सुरुवात.”

“मी समजत होते, तुम्ही नमस्कार करता.”

“देवाला कशाला उकाड्यात बसवू?” त्या म्हणाल्या.

“कुणाला सांगितलं का नाहीत?”

“सांगण्यासारखं काय त्यात? पंखा बंद करते हे सांगत होते का? जाताना उलट सगळं पूर्वीसारखं करायचे. आधी या दोघींना जागं ठेवायचं, मग घड्याळ भिंतीवर, मग पंखा. सकाळी तुम्हा लोकांना काम असतं.”

मग त्या थांबल्या. आम्हा दोघींना एकाच वेळी ती फेब्रुवारीची दुपार दिसली असावी.

“त्या दिवशी मी तशीच उठले,” त्या म्हणाल्या.

“हो. संध्याकाळी मी खोलीत गेले तेव्हा गुदमरायला झालं. पंखा मी लावला. कपाटात शाल दिसली, तिच्यातून घड्याळ काढलं आणि भिंतीला लावलं.”

“आणि त्या दोघी?”

“त्यांचं मला कुठे माहीत होतं?”

बाहेर कुणाचा तरी माग थांबला, तेवढ्यापुरती त्यांची कुजबुज नीट ऐकू आली. “म्हणजे तीन महिने त्या माझी वाट बघत झोपत होत्या.”

मी त्यांना सिद्धारामचं निदान सांगितलं नाही. शनिवार कसा टळला, तेही नाही. नंतर कधीतरी सांगितलं, तेव्हा त्या त्याच्यावरच उखडल्या, कान लावतो आणि ऐकत नाही म्हणून.

“गुरुवारी याल?” मी विचारलं.

“मी येऊन काय करू? मला वाचता येत नाही आता.”

“मला झोपवता येत नाही.”

त्यांनी पेले उचलले, आत नेऊन ठेवले, परत आल्या. “ती शाल धुऊन टाका,” त्या म्हणाल्या. “धुळीने शिंका येतात.”

गुरुवारी दोन वाजता त्या आल्या. दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. घड्याळ धुतलेल्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवलं. माउस असा धरला की मी बघतच राहिले. तीन मिनिटं लिहून झालं. मग कॅबिनेटजवळ स्टुलावर बसून त्यांनी त्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी माइकसमोर पुस्तक उघडून बसले होते. घाम कानामागून मानेवर उतरत होता. त्यांचा चेहरा बघताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की तो प्रार्थनेचा चेहरा नव्हताच. मूल झोपलं की नाही हे बघताना बाईचा असतो तसा होता.

त्यांनी डोळे उघडले आणि एक बोट वर केलं. मी उलटतपासणीचं प्रकरण, त्या जिथे थांबल्या होत्या तिथून, पुन्हा वाचलं.

यास्मिनचा फोन शनिवारी आला.

“काकू, जातं गेलं.”

“मग उतरला का साक्षीदार?”

“उतरला. पण खोलीत तुमच्याबरोबर आणखी कुणी आहे का?”

“का गं?”

“परिच्छेद संपवून तुम्ही थांबता ना, तेव्हा एक श्वास ऐकू येतो. तुमचा नाही. तुमचा सुटतो, मग थोड्या वेळाने हा सुटतो. जरा खरखरीत आहे. गळ्यात काहीतरी अडून येतो तसा.”

मी तिला सांगितलं, कोण होतं ते.

“मग बाईंना माझा एक निरोप द्या,” ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी येमूलबाईंच्या कानावर घातलं. त्या तत्काळ उठल्या. “मग ते प्रकरण पुन्हा वाचा. मी यांना झोपवते आणि बाहेर जाऊन बसते. पंखा बंद करायचा, घड्याळ बंद करायचं, आणि मी श्वास घेत बसायचं? असं नाही चालत.”

“यास्मिनचा निरोप आहे तुम्हाला,” मी म्हटलं. “ती केंद्राची तक्रार करणार आहे.”

“करू दे. बरोबरच आहे तिचं.”

“श्वास काढून टाकलात तर तक्रार करणार आहे.”

येमूलबाई दाराशी उभ्या राहिल्या. पंखा बंद होता, घड्याळ कपाटात होतं. एवढी शांतता होती, की त्यांचा तो अडखळणारा श्वास मलाही ऐकू आला. मग त्या परत आल्या, स्टुलावर बसल्या, कॅबिनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही दोघी डिस्क निजायची वाट बघत राहिलो.

जरा वेळाने त्यांनी बोट वर केलं.